आधी बादल्या मोज, बांबूचा ब्रश नंतर बघू

लातूरला खोली करून राहणाऱ्या, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलंय. गाव केज तालुक्यातलं. चौघी मिळून एका खोलीत राहतात, जेवणाचा डबा मेसवरून येतो, प्यायला जारचं पाणी, वापरायला इमारतीच्या टाकीचं. तिला पर्यावरणाला कमीत कमी त्रास होईल असं जगायचंय. व्हिडिओ बघून तिनं यादी केली: बांबूचा ब्रश, स्टीलची स्ट्रॉ, कापडी पॅड, काचेच्या बरण्या. असा सगळा संच अठराशे रुपयांना मिळतो म्हणे. वडील शेती करतात, महिन्याचे पैसे ठरलेले. खोलीतल्या मैत्रिणी हसतात. तिचे प्रश्न दोन: सुरुवात कुठून करू, आणि मी एकटीनं करून काय होणार?

मी बावीस वर्षं पाणी आणि कचरा या दोनच विषयांत काम करतेय. आधी गावांमध्ये पाणलोटाची कामं केली, नंतर वसतिगृहं आणि महाविद्यालयांच्या इमारतींमध्ये पाण्याचा हिशेब लावून देण्याची. तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे.

तुझी यादी वाचली आणि पहिल्यांदा एकच जाणवलं. त्यात सगळ्या विकत घ्यायच्या वस्तू आहेत. तुमच्या चौघींच्या खोलीत रोज काय येतं आणि खोलीतून रोज काय बाहेर पडतं, याबद्दल त्यात एक ओळही नाही. पाणी कुठून येतं, डबा कशात येतो, उरलेलं अन्न कुठं जातं, दिवसभर पंखा कुणासाठी फिरतो, हे कळल्याशिवाय कोणती वस्तू घ्यायची ते ठरवता येत नाही. आणि एकदा कळलं की बहुतेक वेळा काही घ्यावंच लागत नाही.

आता तुझ्या इमारतीचं पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं, ते तू लिहिलेलं नाहीस. घरमालक ऐकणारे आहेत का, गॅलरी आहे का, तेही माहीत नाही. त्यामुळे पुढच्या काही गोष्टी तुला लागू पडतील, काही पडणार नाहीत. ज्या लागू पडत नाहीत त्या खुशाल सोड.

पहिले आठ दिवस काहीही विकत घेऊ नको आणि काहीही बंद करू नको. फक्त मोज. दाराच्या मागं एक कागद चिकटव. चौघींच्या मिळून किती बादल्या झाल्या, किती जार लागले, डब्यासोबत किती पिशव्या आल्या, किती पोळ्या फेकल्या, खोलीत कुणी नसताना पंखा किती तास चालला. मैत्रिणींना उपदेश करायचा नाही, फक्त रेघा मारायला सांगायचं. उपदेश केला की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, रेघा मारायला सांगितल्या की त्याला स्वतःलाच आकड्याची उत्सुकता लागते. हे मी शेकडो मुलींमध्ये पाहिलंय.

मोजणं का म्हणते ते एका प्रसंगावरून सांगते. एका वसतिगृहातून मला बोलावणं आलं होतं. मुली फार पाणी नासतात, केस धुतात, कपडे रोज धुतात, अशी तिथल्या बाईंची तक्रार होती. मुलींवर रोज ओरडा चालू होता. मी रात्री अकराला गच्चीवरच्या टाकीच्या आत पाण्याच्या पातळीला खूण केली आणि सगळे नळ बंद असल्याची खात्री करून घेतली. पहाटे साडेचारला, कुणी उठायच्या आत, वर जाऊन पाहिलं. पातळी चांगली हातभर खाली गेली होती. सगळ्या मुली झोपलेल्या असताना. संडासातल्या फ्लशच्या टाक्या आतून गळत होत्या, पाणी भांड्याच्या कडेनं गुपचूप वाहत होतं. मुलींच्या केसांचा त्यात काही संबंध नव्हता.

तुमच्या संडासात फ्लशची टाकी असेल तर हे तुलाही आज रात्री करता येईल. टाकीत कपड्यांच्या निळीचे दोन-चार थेंब टाक आणि अर्धा तास फ्लश ओढू नको. भांड्यात निळं पाणी दिसलं तर टाकी गळतेय. बहुतेक वेळा आतलं रबर खराब झालेलं असतं, आणि ते बदलायला फार खर्च येत नाही. घरमालकांना 'गळतंय' असं नुसतं सांगू नको. टपकणाऱ्या नळाखाली रात्रभर बाटली किंवा बादली ठेव, सकाळी किती भरली त्याचा फोटो दाखव. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला वीसेक लिटर होतात. मालक टँकरचे पैसे देत असतील तर त्यांना हा हिशेब लगेच कळतो, आणि नळाचं वायसर दुसऱ्या दिवशी बदललं जातं.

पाण्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तू लातूरला आहेस आणि केजची आहेस. लातूर ज्या मांजरा धरणाचं पाणी पितं ते धरण धनेगावला, म्हणजे तुझ्याच तालुक्यात आहे. २०१६ साली ते कोरडं पडलं. मार्चमध्ये लातूरला पाणी भरायच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणींमध्ये, म्हणजे टाकीच्या डब्यांमध्ये, साधारण पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. तू तेव्हा लहान असशील, पण घरात हंड्यांच्या रांगा तुला आठवत असतील. त्या उन्हाळ्यात मी लातूरलाच होते. पाच लाख हा आकडा कानाला मोठा वाटतो. पण शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी मानक दिवसाला १३५ लिटरचं आहे, त्या हिशेबानं पाच लाख लिटर म्हणजे साधारण ३,७०० माणसांचं एका दिवसाचं पाणी. लातूर कित्येक लाखांचं शहर. एवढ्याशा पाण्यासाठी अख्खी रेल्वे तीनशेहून जास्त किलोमीटर आणावी लागली, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून बादली म्हटलं की मला नुसती बादली दिसत नाही.

म्हणून 'शिळं पाणी' हा विषय काढते. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरी, प्रत्येक खोलीत साठवण असते. आणि नळाला पाणी आलं की पहिलं काम काय? काल-परवाचं 'शिळं' पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. सुशिक्षित घरांमध्ये, चांगल्या समजदार बायका हे करतात. वर्षानुवर्षांची सवय आहे. मी एका गल्लीत सकाळी पाणी सुटायच्या वेळेला उभी राहिले होते, गटार ओढ्यासारखं वाहायला लागलं, आणि ते सगळं पिण्यायोग्य पाणी होतं. पाणी भाकरीसारखं शिळं होत नाही. स्वच्छ घासलेल्या भांड्यात, झाकून, उन्हापासून लांब ठेवलं आणि त्यात हात न बुडवता ओघराळ्यानं घेतलं तर चार-पाच दिवसांचं पाणी वापरायला उत्तम असतं. प्यायला शंका वाटत असेल तर पिऊ नका, पण धुण्याला, फरशीला, संडासाला वापरा.

एक गोष्ट मात्र पाळावीच लागते. आठवड्यातून एकदा भांडं पूर्ण रिकामं करून, आतून घासून, कोरडं करायचं. डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं 'कोरडा दिवस' पाळा म्हणतं ते यासाठी. मग असं कर, तुमचा कपडे धुवायचा दिवस आणि कोरडा दिवस एकच ठेव. साठवलेल्या पाण्यानं कपडे धुवा, त्याच कपड्यांच्या शेवटच्या खळबळलेल्या पाण्यानं फरशी आणि संडास, मग रिकामं पिंप घासा. एकही बादली गटारात न ओतता दोन्ही कामं होतात. साबणाचं पाणी झाडांना घालताना मात्र जपून. अंघोळीचं पाणी कर्दळ, अळू, केळ यांना चालतं. डिटर्जंटचं पाणी कुंडीत रोज घातलं तर माती कडक होत जाते.

पिण्याच्या पाण्याचं थोडं गुंतागुंतीचं आहे. जारचं पाणी असो की खोलीतलं आरओ यंत्र, दोन्हीकडं पाणी पडद्यातून ढकलून शुद्ध होतं आणि मागं खारं पाणी उरतं. साध्या घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर असं जातं. म्हणून काही पर्यावरणप्रेमी सरसकट सांगतात की आरओ काढून टाका. मी तसं सांगणार नाही. मराठवाड्यात खोल बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि काही भागांत फ्लोराइडही असतं. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पिणं दातांना आणि हाडांना वाईट. तेव्हा आधी पाणी कुठलं ते बघ. धरणाचं, पालिकेचं शुद्ध केलेलं पाणी असेल आणि त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर आरओची गरज नसते. साधी गाळणी आणि उकळणं किंवा क्लोरीन पुरतं. बोअरचं असेल तर एकदा तपासून घे. तुझ्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असेलच, सरांना विचार, क्षार आणि कठीणपणा तर सहज तपासून होईल. आणि यंत्र असेलच तर त्याच्या खाऱ्या पाण्याच्या नळीखाली बादली ठेव. फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ते पाणी चांगलं. झाडांना नको.

आता डबा. इथं तुझ्या मैत्रिणींसकट सगळ्यांचा सहभाग लागेल आणि फरकही इथंच सगळ्यात जास्त पडेल असं मला वाटतं.

ट्यूशन एरियातल्या बऱ्याच मेसचे डबे मी पाहिलेत. पोळ्या एका पातळ पिशवीत, भाजी दुसरीत गाठ मारून. तुमचाही तसाच येत असेल असं धरू. दोन वेळा, चौघींचा, म्हणजे दिवसाला सोळा पिशव्या. आता तुझा बांबूचा ब्रश घे. तीन महिन्यांनी ब्रश बदलला तर चौघींचे वर्षाला सोळा ब्रश होतात. वर्षभराच्या ब्रशांइतके नग तुमच्या खोलीत एका दिवसात पिशव्यांच्या रूपानं येतात आणि त्याच दिवशी कचऱ्यात जातात. त्यातही भाजीचं तेल लागलेली पातळ पिशवी भंगारवाला घेत नाही, ती जाळली जाते किंवा नालीत अडकते. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. तरी त्या येतात, कारण मेसवाल्या मावशींना दुसरा मार्ग सोपा नाही.

त्यांची बाजू आधी समजून घे. डबा घासायला पाणी लागतं, माणूस लागतो, आणि रिकामे डबे परत गोळा करायला पोरगा लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात तर माझ्या ओळखीच्या एका मेसनं स्टीलची ताटं बंद करून कागदी ताटं आणली होती, ताटं धुवायला पाणीच नव्हतं. तेव्हा मी त्यांना प्लास्टिकबद्दल भाषण दिलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं. कुठली गोष्ट पर्यावरणाला बरी, हे ठिकाण आणि दिवस बघून बदलतं. पाणी नसलेल्या मे महिन्यात पळसाच्या पानाची पत्रावळ स्टीलच्या ताटापेक्षा बरी. श्रावणात स्टील बरं.

मी जिथं जिथं ही व्यवस्था बदलताना पाहिली तिथं ती एकाच पद्धतीनं बदलली. प्रत्येकीचे दोन डबे. सकाळचा भरलेला आला की संध्याकाळचा रिकामा, घासलेला, परत. घासायचं काम मुलींकडं. पोळ्यांसाठी सुती फडकं, जुन्या ओढणीचं किंवा साडीचं. मावशींचं पाणी वाचतं, माणसाचा वेळ वाचतो, पिशव्यांचे पैसे वाचतात, म्हणून त्या तयार होतात. तू जाऊन 'प्लास्टिक बंद करा' म्हणालीस तर नाही म्हणतील. 'आम्ही चौघी डबे धुऊन देऊ, तुम्ही त्यातच भरून द्या' म्हणालीस तर विचार करतील. इमारतीतल्या आणखी दोन खोल्या सोबत आल्या तर नक्कीच ऐकतील.

डबे धुण्यात पाणी किती जातं, हे पद्धतीवर आहे. नळ सोडून एकेक डबा घासायचा झाला तर बादलीभर सहज. त्याऐवजी आधी उरलंसुरलं वहीच्या रद्दी कागदानं पुसून काढ, मग सगळे डबे घासून ठेव, एका टबात पहिलं पाणी, दुसऱ्यात दुसरं. चौघींचे आठ डबे सहा-सात लिटरमध्ये निघतात. गावाकडं टंचाईत आई अशीच भांडी काढते, तू पाहिलं असशील. पहिल्या टबातलं पाणी पुढच्या खेपेला संडासात.

उरलेल्या अन्नाबद्दल. आठवड्याच्या कागदावर फेकलेल्या पोळ्यांच्या रेघा जास्त असतील तर मावशींना एक पोळी कमी करायला सांग, किंवा ज्या दिवशी बाहेर खाणार त्या दिवशी सकाळीच निरोप दे. एवढं पुरतं. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करायला खोलीत शेगडी नसेल, तर चुरून दही-तिखट घालूनही खाता येतात. शक्य असेल तर मावशींना आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची भाकरी विचार. ज्वारीला गहू-भाताच्या मानानं पाणी फार कमी लागतं, रब्बीची ज्वारी तर जमिनीतल्या ओलाव्यावर येते, आणि कडबा गुराला मिळतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी शक्ती' नावाचं लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण दिलंय. मुलींमध्ये रक्त कमी असणं किती सर्रास आहे ते तुला माहीत आहे. भाकरीला मेहनत जास्त, म्हणून मावशी दोन रुपये जास्त मागतील. ते पैसे द्यावेत असं माझं मत आहे. हाताला चटके बसतात.

विजेचं लवकर सांगते. लोक मोबाइलच्या चार्जरची काळजी करतात. मोबाइल चाळीस-पन्नास वेळा पूर्ण चार्ज केला तर एक युनिट होतं. उलट जुना पंखा ७५ वॅटचा असतो, तुम्ही चौघी कॉलेजला गेल्यावर सहा तास फिरत राहिला तर जवळपास अर्धं युनिट गेलं. हिवाळ्यात पंधरा लिटरची बादली रॉडनं तापवायला साधारण ०.४ युनिट लागतं, म्हणजे मोबाइलच्या अठरा-वीस दिवसांच्या चार्जिंगइतकं. चौघींच्या चार बादल्यांचं दीड युनिट. गच्चीवर जायला मिळत असेल तर गडद रंगाच्या झाकणाच्या बादलीत पाणी भरून सकाळपासून उन्हात ठेव आणि अंघोळ संध्याकाळी कर. आपल्याकडं डिसेंबरातही ऊन कडक असतं, पाणी छान कोमट होतं. रॉड वापरायचाच असेल तर स्टीलच्या बादलीत नको, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. हे पर्यावरणासाठी नाही, जिवासाठी सांगतेय.

वीज आणि पाणी आपल्या भागात वेगळे विषय नाहीत, हेही लक्षात ठेव. परळीचं औष्णिक केंद्र तुझ्याच जिल्ह्यात आहे. कोळशावर वीज करायला वाफ लागते, थंड करायला पाणी लागतं. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी तिथले संच बंद ठेवावे लागले होते. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणं हेही पाणी वाचवणंच आहे.

कापडी पॅडचा मुद्दा तू लिहिलास ते बरं केलंस, कारण याबद्दल मुली विचारत नाहीत. माझं उत्तर असं की तुझ्या खोलीची परिस्थिती बघ. कापडी पॅड धुवायला पुरेसं पाणी आणि वाळवायला कडक ऊन लागतं. चौघींच्या खोलीत, लाजून, दाराआड ओलसर वाळवलेलं कापड संसर्गाला आमंत्रण देतं. तशी सोय असेल तर जरूर वापर, पाळीत वापरायचा कपही चांगला पर्याय आहे, एकदा घेतला की बरीच वर्षं टिकतो आणि धुवायला पाणी कमी लागतं. पण उकळायला भांडं आणि थोडा निवांतपणा हवा. या दोन्हींची सोय नसेल तर साधं पॅडच वापर आणि मनात अपराधी वाटू देऊ नको. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका कर आणि वेगळं दे, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईला ते उघडावं लागत नाही. तिचे हात आपल्यासारखेच आहेत.

कचऱ्याचं एवढंच. ओला आणि सुका वेगळा ठेव, सुका धुऊन-वाळवून महिन्याला रद्दीवाल्याला. २०१८ च्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरच्या कचरा डेपोशेजारच्या नारेगावच्या लोकांनी 'आता आमच्या दारात कचरा नको' म्हणून गाड्या अडवल्या, आणि शहरात कित्येक आठवडे रस्त्यांवर ढीग पडून होते. आपला कचरा कुणाच्या तरी गावाजवळ जातो, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. खोलीत खत करायच्या भानगडीत मात्र सध्या पडू नको. मेसच्या डब्यातली तेलकट भाजी बादलीत कुजवली तर वास सुटेल, मैत्रिणी वैतागतील आणि बाकीचं सगळंच बंद पडेल. फळांच्या साली जमत असतील आणि गॅलरी असेल तर रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून, कडुनिंबाचा वाळला पाला आणि साली असे थर देऊन बघ. वास आला तर पाणी जास्त झालंय, पाला वाढव.

कपडे, पुस्तकं, प्रवास यांत तू बहुधा आधीच बरी आहेस. गावाहून येणारी मुलगी एसटीनंच येते, पुस्तकं मोठ्या वर्गातल्या मुलींकडून घेते, आणि घरी जुन्या साड्यांची वाकळ शिवली जाते. ते चालू ठेव, एवढंच.

आता 'एकटीनं काय होणार'. खरं सांगायचं तर तुझ्या बादलीनं मांजरा भरणार नाही. मराठवाड्याच्या पाण्याचा मोठा हिशेब शेतात होतो, त्यातही उसात. तो हिशेब तुझ्या खोलीत बसून बदलत नाही. पण तू शेतकऱ्याची मुलगी आहेस आणि विज्ञान शिकतेस, म्हणून तुला त्या हिशेबापर्यंत जायचा रस्ता आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं नव्वदच्या दशकापासून पाणलोटाचं काम केलं, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र सोबत होतं, आणि आज ते गाव द्राक्षांसाठी ओळखलं जातं. तिथंही आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कुठून येतं, कुठं जातं, हेच बघितलं गेलं. तुझ्या दारामागचा कागद आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद ही एकाच प्रकारची कामं आहेत, माप फक्त मोठं होतं.

त्यासाठी दोन गोष्टी सुचवते. पदवीला पर्यावरणशास्त्राचा प्रकल्प असतोच. बहुतेक मुलं तो कुठून तरी उतरवून काढतात. तू विषय घे: 'आमच्या इमारतीचं पाणी'. बारा खोल्या असतील तर बारा कागद लाव, गळक्या टाक्या मोज, दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं माप लिही. मालकांना, सरांना, मेसच्या मावशींना दाखवायला तुझ्याकडं खरा आकडा असेल, आणि तेव्हा तू एकटी नसशील, कारण बारा खोल्यांनी रेघा मारलेल्या असतील.

दुसरी गोष्ट गावाकडची. तुमच्या विहिरीच्या पाण्याची पातळी मोजायला शीक. दोरीला दगड बांधायचा, दर हाताला गाठ, काठापासून पाण्यापर्यंत किती ते वहीत, तारखेसह. भूजल विभाग निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेतो: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तूही त्याच महिन्यांत घे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की यंदा उन्हाळी पीक घ्यायचं की नाही, यावर वडिलांशी अंदाजानं नाही, वही उघडून बोलता येईल. ग्रामसभेतही.

राहिले तुझे अठराशे रुपये. संच घेऊ नको. जुना ब्रश झिजला की मग बांबूचा घेतलास तरी चालेल, घाई नाही. त्यातल्या पैशांत चौघींनी मिळून जादा डबे घ्या, मोठे दोन टब घ्या, पिंपाला घट्ट झाकण आणि एक ओघराळं घ्या. उरलेले जपून ठेव, नळाचं वायसर आणि फ्लशचं रबर मालकांनी वेळेत बदललं नाही तर तुम्हीच बदलून घ्या, पावती त्यांना द्या.

मैत्रिणी हसतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नको आणि त्यांना बदलायलाही जाऊ नको. आज रात्री फक्त नीळ टाक आणि सकाळी चौघींनी मिळून बघा. रंग दिसला का ते मला कळव, आणि ऑक्टोबरला गावी गेलीस की विहिरीचं पहिलं मापही.